मागच्या रांगेतली शालनकाकू

काकांचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, आमच्या लॅबमध्ये, द्राक्षांच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. काका सकाळी दहा वाजता कधी फोन करत नाहीत. "केतकी, काकू गेली," ते म्हणाले. "पहाटे. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले डॉक्टर. तू जेवून निघ, घाई करू नको." सैन्यात चोवीस वर्षं काढलेला माणूस वरच्या साहेबाला खबर देतो, तसा त्यांचा आवाज होता. मी "हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर उरलेल्या तीन नमुन्यांना चिठ्ठ्या लावल्या, कारण ते काम अर्धवट सोडता येत नाही, आणि मग मॅडमना सांगायला गेले तर तोंडातून शब्दच येईनात... शेवटी मोबाइलवर लिहून त्यांच्यापुढे धरलं. साताऱ्यात पोचेपर्यंत दुपार उलटली होती. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं, सगळं उरकलं होतं, आणि मला त्याचं बरं वाटलं. हे लिहायला नको, पण ते खरं आहे. आता दीड महिना झाला. मी आजवर कधी काही छापायला दिलेलं नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी लिहिताना अजून प्रत्येक ओळ मनात दोनदा म्हणून बघावी लागते. पण काकूबद्दल इंग्रजीत लिहिलं तर ती त्यात सापडणार नाही.

शालनकाकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमचं घर तासगावजवळ, बागायतदाराचं. मला साताऱ्याच्या एका इंग्लिश मिडियम शाळेत घालायचं वडिलांच्या मनात होतं, आणि काकू साताऱ्यात एकटीच राहत होती. काका सीमेवर, मूलबाळ नाही. माझ्या जाण्यानं दोन्ही प्रश्न एकदम सुटले, असं घरात सगळे म्हणत. पाचवीत मी तिच्याकडे राहायला गेले ती बारावी होईपर्यंत. त्या कॉलनीत दर तिसऱ्या घरी तीच गोष्ट होती. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणार, आणि मधल्या काळात बाईनं सगळं शिकून घ्यायचं. बँक, गॅस, गवंड्याशी भांडण, तलाठ्याच्या कचेरीतले हेलपाटे. लग्न होऊन आल्या तेव्हा दुकानात जाऊन मीठ मागायला लाजणाऱ्या या बायका दहा वर्षांत कुणालाही उत्तर देतील अशा होत. त्याला कुणी विकास वगैरे म्हणत नसे. नवरा लांब आहे म्हणून करावं लागतं, एवढंच.

मी मात्र त्यांच्यात आठ वर्षं राहूनही मीठ मागायला लाजणारीच राहिले. वर्गात हात वर करायची नाही, फोन वाजला तर न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यायची. त्यावर काकूनं उपाय काढला. दर मे महिन्यात एका शाळेच्या हॉलमध्ये व्यक्तिमत्त्व विकास शिबिर भरायचं, त्यात तिनं मला घातलं. एकदा नाही, लागोपाठ चार वर्षं. कॉलरला माइक लावलेले एक सर असायचे. ते आम्हाला डोळे मिटायला लावत आणि सांगत की आपल्या प्रत्येकाच्या आत एक झोपलेला माणूस आहे, आपण आपल्या ताकदीचा फार थोडा भाग वापरतो, बाकी सगळी पडून राहते. मग एकेकानं स्टेजवर जाऊन दोन मिनिटं बोलायचं. चार वर्षांत मी चार वेळा स्टेजवर गेले, नाव आणि शाळा सांगितली आणि खाली आले. काकू मागच्या रांगेत लसूण सोलत बसलेली असायची, कारण मला एकटीला सोडलं तर मी पळून येईन अशी तिला खात्री होती. परत जाताना ती रागवायची नाही. "खाली उतरताना पडली न्हाईस, ह्ये बी कमी न्हाई," म्हणायची.

झालं असं की त्या शिबिराचा उपयोग तिलाच झाला. सर सांगत ते सगळं ती माझ्या शाळेच्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहून घ्यायची. तिसऱ्या वर्षी तिनं मागून हात वर केला. सरांना वाटलं पालकांना काही अडचण असेल. "सर," ती म्हणाली, "त्यो आतला माणूस जागा झाल्यावर त्यानं जायाचं कुठं?" मुलं हसली. सर म्हणाले, फार छान प्रश्न आहे, आणि चहाची सुट्टी केली. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. घरी येताना ती स्कूटर चालवता चालवता हसत होती. "त्यास्नी बी ठाव न्हाई गं," ती म्हणाली.

स्कूटर काकांनी मला शाळेत सोडण्यासाठी घेऊन दिली होती. ती चालवायला काकूला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच दुपारी ती कॉलनीमागच्या मैदानात पडली. ऊन रणरणत होतं, आसपास कुणी नव्हतं, गाडी पायावर. नऊवारी नसली तरी साडीच ती, आणि तिला गाडी उचलून उभी करायला अर्धा तास लागला. पुढे शेजारच्या एका जवानाची बायको म्हणाली मला शिकवा, मग तिची नणंद आली, मग दवाखान्यातली नर्स, आणि बघता बघता रोज सकाळी साडेसहाला मैदानावर काकूचा वर्ग भरू लागला. तिची शिकवायची रीत वेगळी होती. पहिल्या दिवशी ती गाडी चालूच करू द्यायची नाही. स्कूटर जमिनीवर आडवी टाकायची आणि शिकणाऱ्या बाईला ती एकटीनं उचलून उभी करायला लावायची. गुडघे वाकवायचे, पाठ गाडीला लावायची, पदर आधी खोचायचा. जमेपर्यंत दोन दिवस लागले तरी तेच. "पडनार तर तुमी हायच," ती सांगायची. "कुनी उचलाया यील म्हणून रस्त्यात हुबं राहायचं न्हाई." मग ती मागच्या सीटवर बसायची, दोन्ही पाय खाली सोडून, आणि पुढचीला गाडी चालवायला लावायची. पडलो तर दोघी पडू, हा तिचा करार. एक बाई भीतीनं सारखा ब्रेक दाबायची. तिला काकू म्हणाली, "आवं मॅडम, सोडा की त्याला. ब्रेक म्हंजे काय नवरा हाय व्हय, सारका धरून ठिवायला?" सगळं मैदान हसलं, आणि ती बाई हसता हसता पहिल्यांदा सरळ वीस पावलं गेली.

जी शिकली ती पहिल्यांदा एकटी बाहेर पडली की गाडीवरून कंदी पेढे घेऊन आमच्या फाटकाशी यायची. माझ्या शाळेच्या वर्षांत आमच्या घरी पेढे कधी विकत आणावे लागले नाहीत. काकू मला रोज म्हणायची, आता तू शीक. मी नाही म्हणायची नाही. परीक्षा झाल्यावर, दिवाळीनंतर, पुढच्या महिन्यात... माझं नाही असंच असतं, ते कधी नाही म्हणत नाही.

मी बारावीत असताना काका पेन्शनवर आले. नायब सुभेदार म्हणून आले, वय पंचेचाळीसच्या आत. स्टेशनवर हार, पेढे, फोटो. ते चांगले आहेत हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढचं वाचून कुणाला वेगळं वाटेल. ते आवाज चढवत नाहीत, ताटात पडेल ते खातात, मला त्यांनी स्वतःच्या मुलीसारखं वागवलं. घरी आल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यातच स्वयंपाकघराच्या दारावर एक वेळापत्रक चिकटवलं. दूध ते आणणार, भाजी ते आणणार, बँक, लाइट बिल, गॅस, सगळ्यापुढे त्यांचं नाव. "शालन, तू लय केलंस," ते म्हणाले. "आता मी हाय. आता तू फक्त बस." स्कूटरची किल्ली त्यांच्या खिशात गेली, कारण भाजीला तेच जाणार. सकाळी साडेसहाला त्यांचा चहा आणि पेपर असे, काकूनं समोर बसावं असं त्यांना वाटे, आणि इतकी वर्षं बायकोच्या समोर बसून चहा प्यायला न मिळालेल्या माणसाला हे वाटण्यात काय चूक? महिनाभर बायका फाटकाशी येऊन विचारत होत्या. काकू सांगायची, साहेब आल्यात. तेवढ्यानं त्यांना समजायचं. त्यांच्यातल्या निम्म्या जणींचे साहेबही आज ना उद्या येणारच होते.

मी सांगलीला कॉलेजला गेले. सुट्टीत यायची तेव्हा काकू काकांच्या मागे, स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून, देवळात नाहीतर कुणाच्या लग्नाला जाताना दिसायची. ती जाड झाली नाही, आजारी पडली नाही, रडली तर मुळीच नाही. फक्त तिचा आवाज लहान झाला. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाणारी ती बाई आता काकांना "जेवताय न्हवं?" सुद्धा दाराआडून विचारायची. मी एकदा म्हटलं, तू त्यांना सांगत का नाहीस? ती म्हणाली, "काय सांगू? त्यांनी काय वाईट केलंय?" आणि खरंच, मला एकही गोष्ट सांगता आली नाही.

दोन वर्षांपूर्वी साधना आली. साधना ही तिची जुनी शिष्या, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. कारखान्याची बायकांना ने-आण करणारी गाडी बंद होणार होती. बायका स्वतःच्या स्कूटरवर आल्या तर त्यांची नोकरी टिकणार होती, म्हणून त्यांना गाडी शिकवायला बाई हवी होती. सहा महिन्यांचं काम, रोज सकाळी दोन तास, कारखान्याच्याच आवारात. साधनानं कारखान्याच्या साहेबांना काकूचं नाव सांगून ठेवलं होतं. उत्तर पंधरा दिवसांत द्यायचं होतं. काकूनं मला फोन करून बोलावून घेतलं. कशासाठी ते फोनवर सांगितलं नाही. गेले तर तिनं मला गच्चीवर नेलं आणि म्हणाली, "तू बोल काकांशी. तू शिकलेली, तुजं ऐकत्यात. मी बोलाया गेले की माज्या तोंडचं पानी पळतंय बघ." तिनं चार वाक्यं कागदावर लिहून आणली होती. काकूला घरात करमत नाही, असं म्हणायचं नाही, त्यांना लागेल. तिला त्रास आहे, असंही नाही. काम आहे, चांगलं आहे, तिला येतंय, तिला करायचंय... एवढंच.

मग तिनं मला पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं आणि स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर काका होऊन बसली. पायावर पाय, हातात नसलेला पेपर, चष्मा नाकावर. "हं, बोला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मला इतकं हसू आलं की बोलता येईना. तिनं परत "हं" केलं, तेव्हा हसू गेलं आणि तरीही बोलता येईना. खोट्या काकांसमोरसुद्धा मी दुसऱ्या वाक्याच्या पुढे गेले नाही. ती उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "उद्या जमंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि मी बाहेरच्या खोलीत चहा पीत होतो. काकू आत चपात्या लाटत होती. कागद माझ्या ओढणीच्या गाठीत होता. मी सुरुवात करणार तेवढ्यात काकाच बोलले. "केतकी," ते म्हणाले, "तुज्या काकूनं एकटीनं लय काडलं गं. तवा मला कळत हुतं, पन करणार काय? बर्फात बसून माणूस काय करतंय? आता बघ, तिला कशाला हात लावाया लागत न्हाई." मग त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "सुखात हाय न्हवं ती?"

ते खरंच विचारत होते. मला उत्तर द्यायला जागा करून दिली होती त्यांनी, यापेक्षा मोठी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. आतला लाटण्याचा आवाज थांबला होता. बांगड्याही वाजत नव्हत्या.

मी "हो" म्हटलं.

थोड्या वेळानं आतून पुन्हा लाटण्याचा आवाज यायला लागला. निघताना काकूनं मला लसणाची चटणी बांधून दिली, नेहमीसारखी. काका आम्हाला दोघींना घेऊन स्टँडवर आले नाहीत, एका गाडीवर तिघं कशी बसणार. मी त्यांच्या मागे बसले आणि ती फाटकाशी उभी राहिली. पंधरा दिवसांनी फोनवर तिनंच विषय काढला. "कारखान्यानं दुसरी बाई बघितली," म्हणाली. "बरंच झालं. ऊन लय असतंय तिथं." सकाळी सात ते नऊ कसलं ऊन? पण मी "हं" म्हटलं.

मी लाजाळू आहे, हे मला लहानपणापासून सांगितलं गेलं आणि मी ते मान्य केलं. गेल्या दीड महिन्यात मला असं वाटायला लागलंय की लाज ही तेवढी साधी गोष्ट नाही. तिच्यात सोयही असते. जी बोलत नाही तिच्यावर कुणी रागवत नाही, तिच्यामुळे घरात वाद झाला असं कुणी म्हणत नाही. त्या सकाळी मला भीती वाटली हे खरं, पण मी काकांची चांगली, शहाणी केतकी राहू पाहत होते हेही खरं. काकूनं माझ्या आत काहीतरी आहे असं धरून चार उन्हाळे मागच्या रांगेत लसूण सोलला. तिला त्यातलं एक वाक्य हवं होतं, एकदाच.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. संध्याकाळी काका पायरीवर बसून फडक्यानं स्कूटर पुसत होते. म्हणाले, ही तू सांगलीला घेऊन जा, मला एकट्याला भाजी किती लागणार, मी चालत जाईन. मी म्हटलं, काका, मला येत नाही. "शालननं तुला शिकवली न्हाई?" ते पहिल्यांदाच जरा हसले. "गावाला शिकवली आन् घरातली राहिली?" मी पायरीवर बसले. कशी कुणास ठाऊक, ती चार वाक्यं मला पाठ होती. काम होतं. चांगलं होतं. तिला येत होतं. तिला करायचं होतं. मग पाचवंही आलं, की तुमच्याशी बोलायला तिनं मला बोलावलं होतं आणि मी बोलले नाही.

काका मडगार्ड पुसत राहिले. "ठाव हुतं मला," ते म्हणाले. "साधनाचा नवरा स्टँडवर बोलला हुता."

"मग?"

"मग काय... वाट बघितली. ती इचारंल, म्हटलं. इचारलं न्हाई तवा वाटलं, तिच्याच मनात नसंल."

मी विचारलं, तिनं विचारलं असतं तर? काकांनी फडक्याची घडी घातली, मग त्या घडीची घडी. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. त्या वेळी कुणीही बोललं असतं.

"न्हाई म्हणालो नसतो," ते म्हणाले. मग घडी सीटवर ठेवली. "बघू, म्हणालो असतो."

त्या घराला बाहेरून कडी कधीच नव्हती. आम्ही तिघंही एकमेकांची काळजी घेत, एकमेकांना न दुखवता, तिथे बसलो होतो. शिबिरातल्या सरांना हे सांगावंसं वाटतं की आतला माणूस झोपलेलाच असतो असं नाही. काही घरांत तो चांगला जागा असतो, पदर खोचून तयार असतो, आणि कुणीतरी आधी बोलेल म्हणून वाट बघत असतो.

आता दर रविवारी सकाळी फोन येतो. काका काकूच्या मोबाइलवरून करतात, रिचार्ज शिल्लक आहे, वाया कशाला घालवायचा म्हणून. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव येतं. पहिल्या रविवारी तब्येत, पाऊसपाणी, दूध कुठून घेता, हे पाच मिनिटांत संपलं. मग काका म्हणाले, "ती तुज्याशी अर्धा-अर्धा तास काय बोलायची गं?" मला तेव्हा कळलं की ती बोलायची आणि मी हं म्हणायची, तेवढंच तर होतं आमचं. आता मी सांगते आणि ते हं म्हणतात. दर रविवारी एक गोष्ट. गेल्या रविवारी मी त्यांना सांगितलं की मी सातवीत असताना काकू एकदा कुणाला न सांगता एकटी यवतेश्वरचा घाट चढून पार कासपर्यंत गेली होती, स्कूटरवर, भर धुक्यात. मला तिनं ते बारावीनंतर सांगितलं.

"एकटी?" काकांनी विचारलं.

"हो."

"आन् वर जाऊन काय केलं?"

"चहा प्यायली," मी म्हटलं. "मग माझी शाळा सुटायची वेळ झाली होती, म्हणून परत आली."

  त्यानंतर बराच वेळ फोन दोघांपैकी कुणी ठेवला नाही.